ह्यूस्टनच्या डाउनटाउनमध्ये संध्याकाळी माणसं कुठे जातात?

प्रश्न विचारणारे गृहस्थ नाशिकचे. कंपनीच्या कामासाठी काही आठवडे ह्यूस्टनला आले आहेत आणि हॉटेल डाउनटाउनमध्येच आहे. संध्याकाळी सात वाजता पाय मोकळे करायला बाहेर पडले, तर एवढाल्या टॉवरच्या पायथ्याशी चिटपाखरू नाही, कॉफीचं दुकानसुद्धा बंद. त्यांना तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. अमेरिकेतल्या सगळ्याच मोठ्या शहरांची डाउनटाउनं अशी ओस आहेत का? हे कोविडमुळे झालं का? आणि कंपनी ह्यूस्टन, शिकागो, फिलाडेल्फिया यांतलं एक शहर निवडायला सांगते आहे, तर बायको आणि सहा वर्षांच्या मुलीला घेऊन डाउनटाउनमध्ये घर घ्यावं का?

मी वीसेक वर्षं अमेरिकेत नगररचनेच्या कामात आहे. टॉवर कसा दिसावा हे माझ्याकडे येत नाही. इमारतीचा तळमजला रस्त्याला कसा भिडतो, फुटपाथवरून कोण, कधी आणि कशासाठी चालतं, हे बघणं माझं काम. म्हणून उत्तरही त्याच बाजूने देते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. अमुक डाउनटाउन जिवंत की मेलेलं, याला वेळ सांगितल्याशिवाय उत्तर नाही. मंगळवारी दुपारी साडेबाराला अमेरिकेतलं जवळजवळ कुठलंही मोठं डाउनटाउन बऱ्यापैकी भरलेलं दिसतं. खरी परीक्षा त्याच मंगळवारी संध्याकाळी सात वाजता आणि रविवारी सकाळी दहा वाजता होते. एखाद्या जागेचा अंदाज घ्यायचा असेल तेव्हा मी या तिन्ही वेळांना तिथे जाऊन उभी राहते. ऑफिस सुटल्यावरही त्या फुटपाथवर यायचं कोणाला तरी काही कारण आहे का, एवढंच मला बघायचं असतं. टॉवर किती उंच आणि आत किती हजार माणसं काम करतात, यावरून ते कळत नाही.

ह्यूस्टनमध्ये तर तुम्हाला दुपारीसुद्धा फुटपाथ रिकामा दिसला असेल. त्याचं कारण तुमच्या पायाखाली आहे. डाउनटाउनच्या रस्त्यांखाली साधारण वीस फुटांवर भुयारी वाटांचं जाळं आहे, एकूण सहा मैलांहून जास्त लांबीचं, नव्वदहून अधिक ब्लॉकना जोडणारं. १९३०च्या दशकात दोन-तीन इमारती खालून जोडल्या गेल्या आणि पुढे प्रत्येक नव्या टॉवरने आपला तुकडा जोडत नेला. उद्या दुपारी बाराला कुठल्याही मोठ्या ऑफिस टॉवरच्या लॉबीत शिरा आणि सरकत्या जिन्याने खाली उतरा. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली माणसं, सॅलडच्या आणि सँडविचच्या काउंटरसमोर रांगा, बूटपॉलिश, फुलवाला, चष्म्याचं दुकान, दातांचा डॉक्टर, सगळं तिथे सापडेल. वातानुकूलित, लख्ख, गजबजलेलं. दोन वाजले की गर्दी ओसरते. तीनच्या सुमारास काउंटर पुसायला सुरुवात होते, संध्याकाळी भुयारं बंद होतात आणि शनिवार-रविवारी उघडतच नाहीत. त्याच दुपारी वर रस्त्यावर ३७-३८ अंशांचं दमट ऊन असतं आणि बसथांब्यावर एखाददुसरा माणूस.

या उन्हात माणूस खालून जातो म्हणून त्याला दोष देता येणार नाही, तुम्ही-मीही तेच करू. पण परिणाम मोठा होतो. रस्त्यावर दुकान चालवायचं तर त्याला दुपारच्या गिऱ्हाइकाचा आधार लागतो. तेच गिऱ्हाईक जमिनीखाली गेल्यावर वरच्या गाळ्यात भाडं भरून कोण बसणार? मग तळमजल्यावर उरतात संगमरवरी लॉबी, काचेची कोरी भिंत आणि पार्किंगचं तोंड. माझी एक साधी सवय आहे: शंभर मीटर फुटपाथ चालायचा आणि उघडी दारं मोजायची. ह्यूस्टनच्या ऑफिस पट्ट्यात दोन-तीन दारं मिळाली तरी पुष्कळ. मिनियापोलिसमध्ये हेच थंडीमुळे झालं. तिथे १९६२पासून दुसऱ्या मजल्यावरून इमारतींना जोडणारे काचबंद पूल बांधत गेले. उणे वीस अंशांत ते वरदान वाटतं, आणि जूनमधल्या सुंदर संध्याकाळीही खालचा रस्ता रिकामा राहतो.

आता दुकानदाराच्या बाजूने हिशेब करून बघा, मी लोकांना हाच हिशेब नेहमी मांडून दाखवते. ह्यूस्टनच्या भुयारातल्या खानावळीत आठवड्याला पाच पंगती उठतात, सोमवार ते शुक्रवार, फक्त दुपारच्या. ज्या भागात ऑफिसं आहेत, घरं आहेत आणि बाहेरून येणारे पाहुणेही आहेत, तिथल्या रेस्टॉरंटला दुपारच्या सात आणि रात्रीच्या सात अशा चौदा मिळतात. भाडं दोघांनाही महिन्याचंच द्यायचं आहे. कोविडनंतर बऱ्याच कंपन्यांची माणसं मंगळवार, बुधवार, गुरुवार एवढीच ऑफिसात येऊ लागली. पाचाच्या तीन झाल्या की दुकान बंद होतं. चौदाच्या बारा झाल्या तर मालक कुरकुरतो, पण टिकतो.

म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं, की कोविडने घाव घातला तो आधीच एका पायावर उभ्या असलेल्या डाउनटाउनवर. तो एक पाय म्हणजे ऑफिस. आणि ही स्थिती सत्तरेक वर्षांची आहे.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत अमेरिकन डाउनटाउन सगळ्यांचं होतं. ट्रामचे सगळे मार्ग तिथे येऊन मिळायचे. मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स, सिनेमागृहं, बाजार, हॉटेलं, वकील, डॉक्टर, सगळे एका हाकेच्या अंतरात. १९५६च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांच्या खर्चाचा ९० टक्के भार केंद्र सरकारने उचलला आणि हे रस्ते थेट शहरांच्या पोटातून नेले गेले. त्याच वर्षी मिनियापोलिसजवळ ईडायना इथे साउथडेल हा पहिला बंदिस्त, वातानुकूलित मॉल उघडला. उपनगरात घर घ्यायला सरकारी हमीचं स्वस्त कर्ज मिळत होतं, मात्र ते मुख्यतः गोऱ्या कुटुंबांना. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या कर्जासाठी धोकादायक म्हणून नकाशावर लाल रंगाने दाखवल्या जात आणि महामार्ग, 'नूतनीकरण' यांच्यासाठी पाडल्याही जात त्याच. हा भाग सोडून डाउनटाउनची गोष्ट सांगितली तर ती खोटी ठरेल. माणसं गेली, त्यांच्यामागून दुकानं गेली, मग सिनेमागृहं. जायला सगळ्यात जड अशी ऑफिसं तेवढी मागे राहिली. सेंट लुईसची लोकसंख्या १९५० साली साडेआठ लाखांवर होती, २०२० साली जेमतेम तीन लाख.

झोनिंगवर, म्हणजे कुठल्या जमिनीवर घरं, दुकानं की ऑफिसं हे ठरवणाऱ्या नियमांवर, खापर फोडायची पद्धत आहे आणि अनेक शहरांत ते रास्तही आहे. पण ह्यूस्टनमध्ये जमिनीच्या वापराचं झोनिंगच नाही, आणि डाउनटाउनमध्ये किमान पार्किंगची सक्तीही नाही. तरीही तिथे पार्किंगच्या इमारतींवर इमारती उभ्या राहिल्या, कारण कर्ज देणारी बँक विचारते गाड्या किती मावतील, आणि जागा भाड्याने घेणारी कंपनीही तेच विचारते. सक्ती कायद्याची नसली तरी सवयीची होतीच. शिवाय जुनी इमारत पाडून सपाट वाहनतळ केला की मालमत्ता कर घटतो, रोजची रोकड मिळते आणि जमिनीचे भाव वाढेपर्यंत मालक निवांत बसू शकतो. एका मालकासाठी हा शहाणपणा आहे. दहा मालकांनी तो केला की चालणाऱ्याला दोन ब्लॉक नुसत्या गाड्यांच्या कडेने जावं लागतं, आणि तो पुढच्या वेळी चालत येत नाही.

फिलाडेल्फियाचं डाउनटाउन, ज्याला तिथे सेंटर सिटी म्हणतात, या सगळ्यातून बऱ्यापैकी वाचलं. माझ्या मते मोठ्या शहरांत शिकण्यासारखं सर्वांत जास्त तिथेच आहे. १६८२ साली आखलेलं शहर, अरुंद रस्ते, पाच चौक, आणि ऑफिस टॉवरपासून दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर तीन-चार मजली घरांच्या सलग रांगा. त्यांतली बरीच कधी पाडलीच गेली नाहीत. १९९७मध्ये शहराने जुन्या ऑफिसांची आणि गोदामांची घरं करणाऱ्यांना वाढीव किमतीवर दहा वर्षं मालमत्ता कर माफ केला, पुढे नव्या बांधकामालाही. यावर टीका झाली आणि ती योग्य होती, कारण तिथे मालमत्ता कराचा निम्म्याहून अधिक वाटा सरकारी शाळांना जातो. पण माणसं राहायला आली, हेही तितकंच खरं.

त्या पाच चौकांपैकी रिटनहाऊस स्क्वेअरला संध्याकाळी सात वाजता जाऊन बसा. बाबागाड्या ढकलणारे आईबाप, कुत्री फिरवणारे, बाकावर वर्तमानपत्र घेऊन बसलेले म्हातारे, शेजारच्या कर्टिस संगीत संस्थेतून पाठीवर चेलोची पेटी घेऊन बाहेर पडणारी मुलं, जेवायला निघालेली जोडपी. यांतलं एकही माणूस दुसऱ्यासाठी आलेलं नाही, तरी प्रत्येकाला तिथे सुरक्षित वाटतं ते दुसरे आहेत म्हणून. वॉलनट स्ट्रीटवर दारं मोजायला लागलात तर शंभर मीटर संपेपर्यंत मोजणी चुकते. काही ब्लॉकवर १८९३चं रीडिंग टर्मिनल मार्केट आहे, जिथे मासे, भाजी, आमिश लोकांचं लोणी आणि जेवणाचे काउंटर एका छपराखाली आहेत. कोविडमध्ये सेंटर सिटीतलीही ऑफिसं रिकामी झाली, मार्केट स्ट्रीटच्या टॉवरच्या बाजूला ते आजही जाणवतं. पण घरांच्या बाजूचा फुटपाथ फार लवकर सावरला.

शिकागोची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. तिथल्या डाउनटाउनचा गाभा म्हणजे लूप. त्यातल्या स्टेट स्ट्रीटवर १९७९ साली खासगी गाड्या बंद केल्या, फक्त बस आणि पादचारी. उपनगरातल्या मॉलशी स्पर्धा करायची म्हणून मॉलचीच नक्कल. रस्ता रुंद आणि रिकामा वाटू लागला, दुकानं उठली, आणि १९९६ साली पुन्हा गाड्या सोडल्या. पादचारी रस्त्यांची मी समर्थक आहे, तरी हे उदाहरण दर वेळी देते. नुसत्या गाड्या हटवून माणसं येत नसतात, आजूबाजूला त्यांची घरं आणि कामं असावी लागतात. लूपला खरा आधार दिला तो विद्यार्थ्यांनी. कोलंबिया कॉलेज, रूझवेल्ट, डीपॉल, आर्ट इन्स्टिट्यूटची शाळा अशा संस्था डाउनटाउनमध्ये आणि लगत आहेत, आणि विद्यार्थी काही पाच वाजता घरी जात नाही. मग नाट्यगृहं, मिलेनियम पार्क, आणि २०२०च्या जनगणनेनुसार लूपमध्येच राहणारे ४२ हजारांहून अधिक लोक. लसाल स्ट्रीटचा बँकांचा पट्टा मात्र अजून अडचणीत आहे. तिथल्या जुन्या इमारतींची घरं करायला शहर पैसा देतं आहे, काही घरं परवडणाऱ्या भाड्याची ठेवायच्या अटीवर.

इथे तुम्ही विचाराल, मग रिकाम्या ऑफिसांची सरसकट घरं का करत नाहीत? मला हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. उत्तर इमारतीच्या जाडीत आहे. १९२०-३०च्या इमारती नैसर्गिक उजेडावर चालायच्या, म्हणून अंगाने बारीक. खिडकीपासून मधल्या लिफ्टपर्यंत अंतर थोडं, खोल्या सहज पडतात. १९६०नंतर ट्यूबलाइट आणि वातानुकूलनामुळे मजले अवाढव्य झाले. प्लॅन हातात आला की मी आधी खिडकी ते लिफ्ट हे अंतर बघते. ते बारा-तेरा मीटरच्या पुढे गेलं की घराचा मागचा भाग अंधारी गुहा होतो. तिथे झोपायची खोली काढता येत नाही, काढली तरी कोणी भाड्याने घेत नाही. न्यूयॉर्कच्या २५ वॉटर स्ट्रीटवरच्या १९६०च्या दशकाअखेरच्या इमारतीत उजेडासाठी पोटातून दोन उघडी अंगणं आरपार कापली, वर मजले चढवले आणि तेराशेच्या आसपास घरं काढली. मॅनहॅटनच्या भाड्यात तो खर्च निघतो. सेंट लुईसमध्ये निघत नाही. तिथला ४४ मजली एटी अँड टी टॉवर २००६मध्ये २० कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकला गेला आणि २०२४मध्ये ४० लाखांहून कमी डॉलरला. म्हणजे जवळपास फुकट मिळूनही तिथे काय करायचं, हा प्रश्न उरतोच.

दोन सावधगिरीच्या सूचना. डाउनटाउन जिवंत म्हणजे शहर सुखात, असं समजू नका. डेट्रॉइटचं डाउनटाउन गेल्या पंधरा वर्षांत खूपच सावरलं. २००४ साली झालेल्या कॅम्पस मार्शियस चौकात हिवाळ्यात बर्फावर स्केटिंग चालतं, उन्हाळ्यात वाळू पसरून मुलं खेळतात. २०१०पासून क्विकन लोन्स या गृहकर्ज कंपनीने आपली हजारो माणसं उपनगरातून तिथे आणली. पण हे शहर २०१३ साली दिवाळखोरीत गेलं होतं आणि चौकापासून काही मैलांवर आजही मोकळे पडलेले प्लॉट दिसतात. उलट सॅन फ्रान्सिस्कोत कोविडनंतर ऑफिसांची एक तृतीयांश जागा रिकामी पडली, मार्केट स्ट्रीटवरचं नॉर्डस्ट्रॉम हे मोठं डिपार्टमेंट स्टोअर २०२३मध्ये बंद झालं, तेव्हा बातम्यांत सगळं शहरच संपलं. त्याच दिवसांत तिथल्या मिशन किंवा इनर सनसेट या राहत्या वस्त्यांमध्ये संध्याकाळी बसायला जागा मिळत नव्हती.

दुसरी सूचना स्टेडियमबद्दल, कारण तुमच्या हॉटेलजवळ एक आहे. २००० साली उघडलेल्या त्या बेसबॉल मैदानावर संघाचे घरचे ८१ सामने होतात. त्या दिवशी रस्ता ओसंडून वाहतो, बाकीच्या दिवशी तीच एक लांबच लांब बंद भिंत असते. त्या मानाने २००८चं डिस्कव्हरी ग्रीन उद्यान मला फार मोलाचं वाटतं. पूर्वी तिथे मुख्यतः वाहनतळ होते. आता वर्षभर काही ना काही चालू असतं आणि आजूबाजूला राहायच्या इमारती उभ्या राहिल्या. शहराने २०१२पासून डाउनटाउनमधल्या नव्या घरांमागे बिल्डरला १५ हजार डॉलरपर्यंत सवलत दिली, तिचाही यात हात आहे. म्हणजे ह्यूस्टन अजिबात हातावर हात ठेवून बसलेलं नाही.

आता तुमच्या घराचं. इथे बरंच काही तुमच्या घरच्या परिस्थितीवर ठरेल. अमेरिकेत सरकारी शाळा साधारणपणे पत्त्यावर ठरते, आणि डाउनटाउनमधली नवी घरं बहुतेक एक-दोन बेडरूमची, तरुण जोडप्यांना धरून बांधलेली. म्हणूनच मूल पाच वर्षांचं झालं की पुष्कळ कुटुंबं उठून उपनगरात जातात. आपली मराठी मंडळीही ह्यूस्टनला शुगरलँड-केटीकडे, शिकागोला नेपरव्हिल-शॉमबर्गकडे पांगलेली आहेत. गणपती, मराठी शाळा, डोहाळजेवणं, सगळं तिकडेच. तुमच्या पत्नी गाडी चालवत नसतील तर उपनगरातल्या मोठ्या घरात त्या दिवसभर अडकतील, हेही तितकंच लक्षात घ्या. हा मुद्दा घर बघताना बोलला जात नाही आणि पुढे वर्षभर छळतो.

म्हणून माझा कौल असा. फिलाडेल्फिया मिळत असेल तर सेंटर सिटी किंवा तिला लागून राहा, गाडीशिवाय संसार चालेल. मात्र आधी शाळेची हद्द तपासा, काही चांगल्या सरकारी शाळांच्या हद्दीत घर मिळवायला पालकांची झुंबड असते. शिकागो असेल तर लूपच्या आत नको, साउथ लूप किंवा वेस्ट लूप बघा. ऑफिस चालत किंवा ट्रेनने गाठता येईल आणि मुलं, बागा, किराणा जवळ मिळेल. ह्यूस्टन ठरलं तर ऑफिस पट्ट्यात मुलीला घेऊन राहू नका. मेन स्ट्रीटवरून २००४पासून धावणारी रेड लाइन पकडा आणि दक्षिणेला म्युझियम डिस्ट्रिक्ट आणि हर्मन पार्कपर्यंत जाऊन या. झाडं आहेत, संग्रहालयं आहेत, प्राणिसंग्रहालय आहे आणि ऑफिसला थेट गाडी. भाडं जास्त असेल, पण तुमच्या गरजांना तो भाग डाउनटाउनपेक्षा जवळचा आहे.

रात्रीच्या भीतीबद्दल तुम्ही शेवटी एक ओळ लिहिली आहे, की बसथांब्याजवळ बेघर माणसं होती आणि अस्वस्थ वाटलं. ती माणसं दुपारीही तिथेच असतात. निवारे, दवाखाने, बसस्थानकं डाउनटाउनमध्ये असल्यामुळे त्यांना दुसरीकडे जायला जागा नसते. हजार माणसांत ती नजरेत येत नाहीत, आणि फुटपाथवर तुम्ही दोघंच उरलात की भीती वाटते. बहुतेक वेळा तुमच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. तरी रात्री चालायचं असेल तर मार्केट स्क्वेअर पार्कच्या बाजूने चाला. त्या जुन्या, बुटक्या इमारतींच्या तळमजल्यावर उशिरापर्यंत खाण्यापिण्याच्या जागा उघड्या असतात.

कुठल्याही शहरात घर पक्कं करण्याआधी त्या दारासमोर मंगळवारी संध्याकाळी सातला आणि रविवारी सकाळी दहाला अर्धा अर्धा तास उभे राहा, पत्नीलाही व्हिडिओवर दाखवा. दूध आणि औषधं चालत किती मिनिटांवर मिळतात ते स्वतः चालून बघा. आणि पहिला करार वर्षभराचाच करा.